कमरेच्या उंचीवरचा आरसा

तुळसाबाईचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. रायपूरकडून येणारी एक मेल त्या सुमाराला चरोद्यावरून जाई. पण गाडी लेट असली तरी ती पावणेचारलाच उठे आणि नळावर सांगे, "आज गाडी वीस मिनिटं मागं हाय." मी एकदोनदा यार्डात चौकशी केली. वीसच मिनिटं निघाली.

तिच्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही. ज्या अभ्यासासाठी तिनं दोन वर्षं काम केलं, त्याच्या छापील अहवालात तिचं नाव आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या घरात आज मुलीचं बोलणं ऐकू येतं ते तिच्यामुळे. म्हणून मी लिहितो.

मी लहानू. भिलाईजवळच्या चरोद्याच्या मार्शलिंग यार्डात, जिथं मालगाड्या तोडून-जोडून लावतात, आधी खलाशी म्हणजे मदतनीस, मग वॅगन फिटर. मागच्या वर्षी रिटायर झालो. तुळसाबाई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तुमसरकडची, सातवी शिकलेली. नवरा नत्थू रेल्वेत रोजंदारीवर होता, कायम होण्याआधीच काविळीनं गेला. म्हणून तिला ना नोकरी मिळाली, ना क्वार्टर. भाऊ सुखराम याच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत ती राही. पहाटे चार घरांचं पाणी भरी, तीन घरची भांडी घाशी, मग कॉलनीतल्या बालवाडीत झाडू मारी. घासलेली भांडी ती उन्हात धरून बघे. डाग दिसला तर मालकिणीनं सांगायच्या आत पुन्हा घाशी.

क्वार्टरांच्या आमच्या लायनीत एक रीत होती. नाईट करून आलेला माणूस झोपला की घरची बाई दाराच्या कडीला लाल चिंधी बांधी. रेल्वेत लाल म्हणजे थांब. भाजीवाला ती चिंधी पाहून आवाज न देता पुढं जाई. घरात रेडिओ बंद, पाटा-वरवंटा बंद, पोरं बाहेर. लहान पोरं आत राहिली तर तोंडावर बोट. आमच्याकडची पोरं चालायला लागली की कुजबुजत बोलायला शिकत. आम्हाला ते वळण वाटे.

दुसरी गोष्ट यार्डाच्या आवाजाची. यार्डात एक उंचवटा आहे, त्याला हंप म्हणतात. इंजिन तिथवर वॅगन ढकलतं, पुढं तो आपल्या वजनानं उतरत जातो आणि खाली उभ्या असलेल्या वॅगनना धडकतो. त्या धडकेनं क्वार्टरमधली भांडी वाजत, फरशी थरथरे. गावाकडून आलेले पाहुणे झोपत नसत. जे पोरगं या आवाजात गाढ झोपे, त्याला आम्ही 'यार्डाचं पोट्टं' म्हणत असू. त्याचं कौतुक होई.

माझी शैला लग्नानंतर आठ वर्षांनी झाली. एकुलती. पाळण्यात असल्यापासून ती कधी दचकली नाही. मी ड्यूटीवर सगळ्यांना सांगे. आमच्या शेजारचा कवडू, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, म्हणे, "लहान्या, तुही पोट्टी तं सरळ स्टेशन मास्तर होते."

दिवसा मी झोपलो की ती खाटेवर चिंचोके मांडत बसे. ना रडणं, ना हट्ट. लायनीतल्या बाया आपल्या पोरांना तिचं उदाहरण देत. साडेतीन वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. बायको, दुर्गा, म्हणे, उशिरा बोलणारी लेकरं हुशार असतात. मलाही ते बरं वाटे. मला दिवसा सहा तास अखंड झोप मिळत होती.

माझं काम आवाजाचं होतं. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर मारत जायचं. चांगलं चाक खणखणतं. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून बद्द चाक पुढं गेलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर नागपूरच्या एका महिला कॉलेजातल्या तारा मॅडम चरोद्याला आल्या. पाळीची ड्यूटी असलेल्या घरांत लहान मुलं कशी वाढतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. दोन वर्षं, एकशे वीस घरं. मुलाचं वजन, उंची, काय खातं, किती झोपतं, बाप त्याला जागेपणी किती वेळ दिसतो, दिवसात त्याच्याशी कोण किती बोलतं.

मॅडमनी कॉलेजच्या दोन मुली बरोबर आणल्या होत्या. लोकांनी त्यांना चहा पाजला आणि सगळं खोटं सांगितलं. दुर्गेनं सांगितलं, शैला रोज पावशेर दूध पिते. घरात दूध पावशेरच येई आणि ते चहाला जाई. कवडूनं सांगितलं, मी पोट्ट्याला रोज गोष्ट सांगतो.

आठ दिवसांत मॅडमच्या ते ध्यानात आलं. बालवाडीत तुळसाबाई फरशी पुसत होती. मॅडमनी तिला विचारलं, "लोक खरं सांगतील, असं काय करावं?"

तुळसाबाई म्हणाली, "इचारू नका. बसा आन पाहा."

मॅडमनी तिलाच कामाला घेतलं. भरलेल्या फॉर्ममागे मजुरी. फॉर्मवर दोन रकाने होते, एक 'सांगितलेलं', दुसरा 'पाहिलेलं'. मॅडमनी सांगितलं होतं, पहिल्यात ते म्हणतील ते लिहायचं, दुसऱ्यात फक्त डोळ्यांनी दिसेल ते. तुळसाबाईनं हे एकदा ऐकलं आणि दोन वर्षं सोडलं नाही.

प्रत्येक घरी ती तीनदा जाई. एकदा सकाळी, एकदा लाल चिंधी बांधलेली असताना, एकदा संध्याकाळी. दर वेळी पुरा एक तास. मॅडमनी दिलेलं मनगटी घड्याळ ती पदराच्या गाठीत ठेवी. खांद्यावर वजनाचा काटा, बगलेत फॉर्म. चपला दाराबाहेर काढून भिंतीला टेकून बसे. कोणी चहा दिला तर पिई, पण नजर मुलावर. मूल काट्यावर हललं तर सुई थांबेपर्यंत थांबे. वजन दोनदा घेई. दोन्ही जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा.

तासाभरात मुलाशी कोणी बोललं नाही तर ती शून्य लिही. बाया भांडत.

"शून्य कावून लिवते, बाई? दोन तरी लिव."

"दोन डाव बोलली असती तं दोन लिवलं असतं."

"घरात माणूस निजला हाय. बोलू कशी?"

"ते बी लिवलं हाय."

आमच्या घरी ती जानेवारीत आली. पहिल्या दोन खेपा झाल्या, मला पत्ताही नव्हता. दुसऱ्या खेपेला मी झोपेत होतो. तिसऱ्या खेपेला संध्याकाळी मी चहा घेत होतो. शैला खाटेवर होती. तुळसाबाई तिच्या मागं भिंतीशी बसून होती. तिनं एकदा हाक मारली. मग फॉर्मवर काही लिहिलं. पुन्हा हाक मारली. पुन्हा लिहिलं. तास पुरा झाल्यावर ती उठली आणि दुर्गेला हळूच म्हणाली, "इले ऐकू येते का?"

दुर्गा हसली. "मंग? कोणी घरात आलं तं वळून पाहते नं."

"जमिनीवर असली तं वळते. खाटंवर असली तं नाई वळत. तीन खेपा पाह्यलं."

मी कप खाली ठेवला. "माझी पोट्टी बहिरी म्हणून राहिली का तू? माझ्या घरी बसून?"

"म्हणून नाई राहिली, लहानूभौ. लिवून राहिली."

"खोड ते."

"पाहिलेलं हाय. खोडता येत नाई."

मी तिला निघून जा म्हटलं. शब्द चांगले नव्हते, ते इथं लिहीत नाही. तिनं काटा खांद्यावर घेतला, चपला घातल्या आणि पुढच्या घरी गेली. त्या घरची तिची वेळ झाली होती.

त्याच रात्री मी सुखरामला गाठून सांगितलं, बहिणीला आवर. कवडूनं नळावर गोष्ट पसरवली, बाई घरात येऊन पोरांत खोट काढते. त्याच्या घराचं दार तिला बंद झालं. दोन दिवसांत आमच्या लायनीतली सहा दारं बंद झाली. तिचे फॉर्म कमी झाले, म्हणजे मजुरी कमी झाली. सुखराम तिला म्हणाला, "लहानूचं पान फाडून टाक. मिटते."

ती म्हणाली, "पान मॅडमचं हाय. मह्या बापाचं असतं तं फाडलं असतं."

हे मला सुखरामनंच पुढं सांगितलं. त्या वेळी मला फक्त राग होता. पण त्या आठवड्यात मी शैलाकडे बघत होतो, आणि बघायचं टाळत होतो. मागून हाक मारायचं माझं धाडस होत नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी चारला तुळसाबाई आली. मी नुकताच उठलो होतो, कडीची चिंधी अजून सोडली नव्हती. ती दाराबाहेरच उभी राहिली.

"आत येत नाई. तुही हातोडी अंगणात हाय. दांडा बसवला का नवा?"

"बसवला. तुले काय करायचं?"

"तू चाकं वाजवून पाहतं. रुळाचा तुकडा हाय तुह्याकडं. पोरीमागं वाजव. मी खोटी असली तं सगळ्या लायनीसमोर सांग, मी काम सोडतो मॅडमचं."

अंगणात हातभर लांबीचा रुळाचा तुकडा होता. चरोद्यातल्या बहुतेक क्वार्टरांत असतो, नारळ फोडायला, खिळे सरळ करायला. शैला खाटेवर पाठमोरी बसली होती, पुढं चिंचोक्यांची ओळ. मी तुकडा तिच्या मागं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि हातोडी मारली. अर्धी ताकद. मग पुरी ताकद. मग आणखी एकदा. दुर्गा स्वयंपाकघरातून कान दाबून धावत आली. शेजारी कवडू नाईट करून झोपला होता, तो भिंतीपलीकडून ओरडला. शैलानं एक चिंचोका उचलून दुसऱ्याशेजारी ठेवला.

तुळसाबाई म्हणाली, "आता खाली ठेव तिले."

मी शैलाला फरशीवर बसवलं. रुळाचा तुकडा फरशीवर ठेवला आणि मारलं. तिनं लगेच वळून पाहिलं आणि ती हसली.

"पायाले समजते तिले," तुळसाबाई म्हणाली. "कानाले नाई."

मी हातोडी भिंतीला उभी केली. चिंधी कडीवरून सोडली. तिला म्हटलं, "आत ये, बाई." ती आत आली, दुर्गेजवळ बसली आणि पाणी मागितलं. माझ्या शिव्यांचा विषय तिनं त्या दिवशी काढला नाही, पुढंही कधी काढला नाही.

बिलासपूरच्या रेल्वे दवाखान्यातून आम्हाला नागपूरला पाठवलं. तारा मॅडमनी चिठ्ठी दिली आणि सांगितलं, तुळसाबाईला बरोबर न्या, ती नीट पाहील. डॉक्टरांनी तपासलं. थोडं ऐकू येत होतं, फार थोडं. यंत्र लावायचं, छातीवर डबी आणि कानात तिची वायर. पण यंत्रानं पोर आपोआप बोलत नाही, असं ते म्हणाले. रोज तिच्यासमोर बसून बोलावं लागेल. तिला बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे आणि त्याच वेळी स्वतःचंही दिसलं पाहिजे. पाच वर्षांच्या आत जे होईल ते होईल, पुढं कठीण. साडेतीन म्हणजे उशीर झाला आहे, पण फार नाही.

ज्या पोरीला आम्ही घरात गप्प बसायला शिकवत होतो, तिला हे लागणार होतं. साडेतीन वर्षं आम्ही तिच्या शांतपणावर खूश होतो. तुळसाबाईनं ते पान फाडलं असतं तर आणखी दोन वर्षं खूश राहिलो असतो, आणि मग वेळ गेली असती.

तिथल्या शिक्षिकेनं दोन दिवस शिकवलं. मूल मांडीशी घेऊन आरशासमोर बसायचं. त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा. 'प' म्हणताना ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची, ती हलली पाहिजे. तुळसाबाईनं सगळं कोऱ्या फॉर्मच्या मागं लिहून घेतलं. दुर्गा रडत होती, तिचं अर्धं ऐकायचं राहिलं. परतीच्या गाडीत तुळसाबाई म्हणाली, "रोज चार वाजता येतो मी. मॅडमचं दुपारचं काम तेव्हा संपते."

मी म्हटलं, "काय देऊ, सांग."

"पैशे नको. रोज पंधरा मिनिटं दे. ड्यूटी कोणतीबी असो. तिच्यासमोर बसायचं आन दिवसभर काय केलं ते सांगायचं."

"तिले काय समजन त्यातलं?"

"तुले चाकाचं पहिल्या दिवशी समजलं होतं का?"

मग मी बसू लागलो. पहिले काही दिवस दोन मिनिटांत बोलणं संपे. बाप पोराशी काय बोलतो, हे मला माहीत नव्हतं. माझा बाप माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. शेवटी जे केलं तेच सांगू लागलो. आज अमुक वॅगनचा ब्रेक ब्लॉक बदलला. आज वॅगनच्या टोकाचा, धक्का झेलणारा बफर तुटलेला होता. तुळसाबाई शेजारी बसून चुका काढी. "मान वर कर. मिशी कापून बारीक कर, ओठ दिसत नाई. घाई कोणाची हाय?" मिशी कापली. ड्यूटीवर आठ दिवस त्याचीच चर्चा होती.

लाल चिंधी आमच्या कडीवर पुन्हा बांधली नाही. शैला टाळ्या वाजवी, ताट आपटी, घशातून आवाज काढी. ते हवं होतं. मी कानात कापूस घालून झोपायला शिकलो. पहिला महिना कठीण गेला, मग जमलं.

आरसा मात्र नव्हता. माझा दाढीचा आरसा तळहाताएवढा. त्यात दोन तोंडं मावत नसत. तुळसाबाईचं दिसलं की शैलाचं जाई. तुळसाबाई तो एका हातात धरून इकडून तिकडे फिरवी, दुसऱ्या हातात कागदाची पट्टी. पोर कंटाळून उठून जाई. मी मोठा आरसा आणतो म्हणालो. पण यंत्र, नागपूरच्या खेपा, दुर्गेचं आजारपण, पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात. दीड वर्ष गेलं. शैला ओठ हलवी, आवाज काढी, पण दोन्हींचा मेळ बसत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेली पाच वर्षं भरत आली होती.

त्र्याऐंशीच्या दसऱ्यानंतर अभ्यास संपला. तारा मॅडमनी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये सगळ्या घरांना बोलावलं आणि काय दिसलं ते साध्या शब्दांत सांगितलं. आमच्या पोरांची वजनं ठीक होती. खायला-ल्यायला आईबाप कमी करत नव्हते. पण नाईट ड्यूटीच्या घरांत पोरं प्रश्न विचारणं सोडून देत होती. शाळेत गेली तरी कुजबुजत बोलत, मास्तर त्यांना मठ्ठ समजत. कवडूचा मुलगा त्यातलाच एक, नाव न घेताही सगळ्यांना कळलं. मॅडम म्हणाल्या, झोप मोडू नका, पण उठल्यावर पंधरा मिनिटं मुलाशी बोला. ज्या थोड्या घरांत बाप बोलत होते, तिथली मुलं वेगळी दिसली आहेत.

कवडू उभा राहिला. "पोट्ट्याशी काय बोलू, मॅडम? ते काय पॉइंट बदलते का?"

मागून तुळसाबाई म्हणाली, "कवडूभौ, तू गार्डाशी झेंडीनं बोलतं. तेवढं तरी पोट्ट्याशी बोल."

हॉल हसला. कवडूही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला घरी चहाला बोलावलं. माझ्यामुळे बंद झालेल्या सहा दारांतलं ते शेवटचं होतं.

दोन वर्षांच्या मजुरीतून तुळसाबाईनं काही बाजूला ठेवलं होतं. कशासाठी, ते सगळ्या लायनीला माहीत होतं. तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं. मशीन आलं की भांडी सुटणार होती. चाळिशी उलटली होती, थंडीत बोटं फुटत. सुखरामनं दुर्ग शहरातल्या दुकानात मशीन पाहूनही ठेवलं होतं. एका रविवारी बहीण-भाऊ लोकलनं दुर्गला गेले.

संध्याकाळी ते परतले तेव्हा मी नळाजवळ होतो. सुखराम पुढं, खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी रुंद आणि चपटं. तुळसाबाई मागून त्याला सांभाळून चाल म्हणत होती. सुखरामची बायको कमला नळावर बादली भरत होती. तिनं चादरीचं टोक उचलून पाहिलं. सागवानी चौकटीचा आरसा होता, दोन फूट रुंद, तीन फूट उंच.

"मशीन कोठं हाय?"

"पुढल्या वर्षी," तुळसाबाई म्हणाली.

"बाप्पा. कुंकू लावायचं नाई, आरसा कशाले पायजे?"

चार बाया तोंडाला पदर लावून हसल्या. विधवेनं एवढा मोठा आरसा घ्यायचा म्हणजे त्या काळी बोलायला महिनाभराचा विषय.

"पाहाले," ती म्हणाली आणि सुखरामला पुढं व्हायला सांगितलं.

सुखराम मला पुढं म्हणाला, मशीनच्या दुकानाशेजारीच आरशाचं दुकान होतं. ती पायरीवर थांबली, आत पाहिलं आणि म्हणाली, हे आधी. त्यानं समजावून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुकानात शिरली.

रात्रीची ड्यूटी होती तरी मी खिळे ठोकायला गेलो. तिच्या खोलीत मी आरसा नेहमीच्या उंचीवर धरला. ती म्हणाली, "खाली." आणखी खाली धरला. "आणखी खाली." शेवटी आरशाची वरची कड माझ्या कमरेला आली. उभ्या माणसाला त्यात स्वतःचं पोटही पुरतं दिसत नव्हतं. तिनं तिथं खूण केली आणि मला ओळंबा लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कमला मुद्दाम पाहायला आली. तिनं आरशाकडे पाहिलं, तुळसाबाईकडे पाहिलं आणि परत गेली. त्यानंतर नळावर तो विषय निघाला नाही.

आता चार वाजता शैला तिकडे जाऊ लागली. दोघी जमिनीवर मांडीला मांडी लावून बसत. दोन्ही तोंडं एका आरशात. मीही माझी पंधरा मिनिटं तिथंच देऊ लागलो. सव्वा महिना गेला. एक दिवस मी बसून बोलत होतो, हंपवर काय झालं ते सांगत होतो. शैला आरशात माझ्या ओठांकडे पाहत होती. ती म्हणाली, "बफर."

तुळसाबाईनं कागदाची पट्टी तिच्या ओठांपुढं धरली आणि म्हणाली, "पुन्हा." पट्टी हलली. "बफर."

मी घरी जाऊन दुर्गेला सांगितलं. ती रडली, मग रागावली. "आई म्हणायचं सोडून बफर? काय शिकवून राहिले तुम्ही माह्या पोरीले?" आई म्हणायला शैलाला आणखी पंधरा दिवस लागले. तो शब्द ओठांवर दिसत नाही, तो कठीण असतो.

तुळसाबाई सहा वर्षं बसली. दिवाळीचे दोन दिवस सोडून रोज. तिच्या वहीत रोजचं लिहिलेलं असे, आज काय आलं, काय नाही आलं. नाही आलं तर नाही आलं. कवडूचा मुलगाही तिथं येऊन बसू लागला. त्याला ऐकू नीट येत होतं, फक्त मोठ्यानं बोलायची सवय लावायची होती. ते वर्षात झालं. मग तो इतका बोलू लागला की कवडू म्हणे, "बाई, याले बंद करायचा पॉइंट कोठं हाय?"

शहाऐंशीला मला बोनस मिळाला तेव्हा मी शिलाई मशीन घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. तिनं ते परत पाठवलं. "दुर्गेले दे. तू काल आला नाई. आज तीस मिनिटं बस." मी बसलो. मशीन अजून आमच्या घरी आहे. चरोद्यात असेपर्यंत तुळसाबाईनं भांडी घासणं सोडलं नाही.

शैला मॅट्रिक झाली, एक वर्ष जास्त लागलं. आता भिलाई-३ ला एका छोट्या शाळेत लहान मुलांना चित्रं काढायला शिकवते. तिचा 'र' अजून नीट नाही, अनोळखी माणसाला दोनदा सांगावं लागतं. ती दोनदा सांगते. घरी आल्यावर दिवसभराचं सगळं सांगते, आणि मी समोर बसून ऐकतो. ती सवय आता सुटणार नाही.

सुखराम रिटायर झाला तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. बहीण-भाऊ तुमसरला गेले. सामान बांधताना तुळसाबाईनं आरसा बांधला नाही. म्हणाली, "हा शैलाचा हाय. भिंत तेवढी माही होती." तुळसाबाई अजून आहे. मागच्या महिन्यात शैला तिला भेटून आली. बाई अजून पावणेचारलाच उठते, असं शैलानं सांगितलं.

रिटायर झाल्यावर आम्ही कुम्हारीला राहायला आलो, तिथल्या घरात आरसा मी त्याच उंचीवर लावला. आलेला माणूस विचारतो, एवढा खाली कावून? मला भांग पाडायला वाकावं लागतं. लावण्याआधी आरसा उलटा करून पुसला, तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर दुर्गच्या दुकानदाराची चिठ्ठी चिकटलेली दिसली. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं. तिच्या दोन वर्षांच्या मजुरीचं लेखी असं तेवढंच मला मिळालं. त्यावर लिहिलं आहे: तुळसाबाई, चरोदा. एक आरसा. रोख.